वाय-फाय हळू चालतं, पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाही, ‘वीक सिक्युरिटी’ दाखवतं: राउटरची सुरक्षा सेटिंग कशी तपासावी

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्याकडे आहे का बघा.

- प्लॅन दीडशे-दोनशे एमबीपीएसचा आहे, लॅनची वायर लॅपटॉपला लावली की पूर्ण वेग मिळतो, पण वाय-फायवर राउटरच्या शेजारी बसूनही वीस-बावीसच्या पुढे आकडा सरकत नाही.
- आयफोनमध्ये वाय-फायच्या नावाखाली ‘वीक सिक्युरिटी’ असं येतं.
- घरातल्या बाकी फोनवर जो पासवर्ड चालतो, तोच एका फोनवर चुकीचा ठरतो. किंवा फोन नुसतं ‘सेव्ह्ड’ दाखवतो आणि पुढे काहीच होत नाही.
- राउटर बदलल्यापासून नवे फोन व्यवस्थित चालतात, पण जुना प्रिंटर, कॅमेरा किंवा स्मार्ट प्लग जोडायला तयार नाही.
- कनेक्शन सारखं तुटतं आणि आपोआप पुन्हा जोडलं जातं.
- राउटरच्या यादीत अनोळखी नावं दिसतात, महिन्याचा डेटा लवकर संपतो.
- बँकेची साइट उघडताना प्रमाणपत्राचा इशारा येतो, किंवा ओळखीच्या साइटऐवजी भलतंच पान उघडतं. हे असेल तर बाकी सगळं सोडा, त्या नेटवर्कवरून बँकेचे व्यवहार थांबवा आणि थेट खालचा ‘राउटरचं स्वतःचं कुलूप’ हा भाग वाचा.

नाशिकमध्ये घरगुती आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावणं, दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. सिडकोतली रो-हाउसेस, इंदिरानगर-पाथर्डी फाट्याच्या सोसायट्या, कॉलेज रोडचे क्लासेस, अंबडचे गाळे, सगळीकडे हेच दुखणं वेगवेगळ्या रूपात भेटतं. तक्रार ‘नेट स्लो आहे’ अशी असते आणि मूळ निघतं सुरक्षेच्या सेटिंगमध्ये. ते पुन्हा पुन्हा उद्भवण्याचं कारणही ठरलेलं आहे. एखादं जुनं उपकरण जोडलं जात नाही म्हणून कुणीतरी सगळ्या नेटवर्कची सुरक्षा खाली आणतं. ते उपकरण चालू होतं, सगळे खूश होतात, आणि ती सेटिंग तशीच राहते. पुढे वेग पडतो, नवे फोन कुरकुरतात, बाहेरचे लोक आत येतात. एका जुन्या प्रिंटरसाठी घरातल्या दहा उपकरणांची सुरक्षा कमी करायची नाही, हे आधी ठरवून घ्या. उपाय नेहमी त्या जुन्या उपकरणापुरता करायचा.

आता तपासणी. क्रम मोडू नका. सुरुवातीच्या गोष्टी फुकट आहेत आणि बरीच दुखणी तिथेच संपतात.

दुखणं वाय-फायचंच आहे ना?

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल दिसत असेल किंवा लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही. सेटिंगमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही, कंपनीकडे तक्रार नोंदवा. दिवे ठीक असतील तर लॅनच्या वायरने लॅपटॉप जोडून वेग मोजा. वायरवरही वेग नसेल तर तेही कंपनीचंच काम. वायरवर वेग आहे आणि वाय-फायवर नाही, तरच पुढे वाचा. अडचण एकाच फोनला आहे की सगळ्यांना, हेही आत्ताच पाहून ठेवा. एकालाच असेल तर आधी त्या फोनकडे बघायचं, राउटरला हात लावायचा नाही.

नेटवर्क विसरा, पुन्हा जोडा

फोन नुसतं नाव आणि पासवर्ड साठवत नाही, त्या नावाच्या नेटवर्कवर कुठली सुरक्षा होती तेही साठवतो. राउटर बदलला, नाव जुनंच ठेवलं आणि सुरक्षेचा प्रकार बदलला, की काही फोन आणि बरेचसे जुने लॅपटॉप गोंधळतात. वाय-फायच्या यादीत त्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड पुन्हा टाका.

टाका म्हणजे हाताने टाका. सिडकोतल्या एका काकूंचा फोन काही केल्या जोडला जात नव्हता. ‘अहो दादा, पासवर्ड तर मुलानेच पाठवलाय पुण्याहून, चुकीचा कसा असेल?’ मुलाने व्हॉट्सॲपवर पासवर्ड लिहून शेवटी पूर्णविराम दिला होता, आणि काकू प्रत्येक वेळी तो पूर्णविरामही कॉपी करत होत्या. असंच शेवटच्या रिकाम्या जागेचं होतं. कीबोर्ड आपोआप पहिलं अक्षर मोठं करतो, तेही होतं. मराठी कीबोर्ड चालू ठेवून लिहिलेल्या निरोपात आकडे देवनागरी असतात, आणि राउटरच्या लेखी देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी अक्षरं आहेत. पासवर्डच्या खोक्यातला डोळ्याचा बटण दाबा आणि एकेक अक्षर वाचा.

एवढं करूनही नाही जमलं तर राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि चालू करा. त्याने चाललं, पण चार दिवसांनी पुन्हा तेच, तर रीस्टार्ट हा उपाय नाही. पुढे चला.

राउटरच्या पानावर सुरक्षेचा प्रकार बघा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. अजूनही खर्च शून्य आहे, फक्त दहा-पंधरा मिनिटं हातात ठेवा.

वाय-फायला जोडलेल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नसेल तर फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ म्हणून जो पत्ता दिसतो, तो घ्या. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी वायरलेसच्या आणि इंटरनेट कनेक्शनच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. गडबड झाली तर परत यायचा रस्ता तोच.

आता ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ मध्ये ‘सिक्युरिटी’ शोधा. आजच्या बहुतेक राउटरमध्ये लहरींचे दोन पट्टे (बँड) असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्हींची सुरक्षा वेगळी लावावी लागते. ५ वर सगळं नीट आणि २.४ वर जुनीच सेटिंग, हे मला फार वेळा दिसतं. सिग्नल भिंतीपलीकडे जास्त जातो तो २.४ चाच, म्हणजे शेजाऱ्यापर्यंत पोचणारी बाजूच उघडी राहते. दोन्ही बघा.

तिथे दिसणारे पर्याय म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेचा इतिहासच आहे, एकाच यादीत लावून ठेवलेला.

‘ओपन’ किंवा ‘नन’ म्हणजे पासवर्डच नाही. हा कधीही नको. फुकट्यांनी नेट वापरण्यापेक्षा मोठी भीती वेगळी आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो ई-मेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचं तपासात निघालं. पोलीस आधी पोचले ते कनेक्शन ज्याच्या नावावर होतं त्याच्याकडे. तुमच्या वाय-फायवरून जे काही बाहेर जातं, त्यावर पत्ता तुमचा असतो.

‘डब्ल्यूईपी’ ही १९९७ ची पद्धत. तिच्यातली भोकं २००१ मध्येच उघड झाली आणि आज साध्या लॅपटॉपवर ती काही मिनिटांत फुटते. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी फरक पडत नाही, कारण दोष पासवर्डमध्ये नाही, पद्धतीत आहे.

मग २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आली. तिच्यातली ‘टीकेआयपी’ ही निरोप कुलूपबंद करायची पद्धत म्हणजे तात्पुरती सोय होती, जुनी यंत्रं न बदलता चालावी म्हणून केलेली. २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए२’ आली आणि तिच्याबरोबर ‘एईएस’ ही निरोप कुलूपबंद करायची भक्कम पद्धत. २००६ पासून वाय-फायचं अधिकृत प्रमाणपत्र मिळवायला डब्ल्यूपीए२ सक्तीची झाली, म्हणजे त्यानंतरचं जवळपास प्रत्येक उपकरण ती ओळखतं. २०१७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी तिच्यातही एक फट दाखवली, ती उपकरणांच्या अपडेटने बुजवली गेली. २०१८ ची ‘डब्ल्यूपीए३’ ही सगळ्यात नवी.

गोंधळ होतो तो मधल्या पर्यायावर. यादीत ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड’ आणि त्यापुढे ‘टीकेआयपी प्लस एईएस’ असं दिसतं. वाचताना वाटतं, दोन्ही आहेत म्हणजे चांगलंच असणार. तसं नाही. सगळ्या उपकरणांना एकदम जाणारे निरोप सगळ्यांना कळावेत म्हणून राउटर ते कमजोर पद्धतीने, म्हणजे टीकेआयपीने पाठवतो. आयफोनचा ‘वीक सिक्युरिटी’ इशारा बहुधा याच सेटिंगमुळे येतो.

आणि वेगाचं दुखणंही इथेच आहे. ८०२.११एन आणि त्यानंतरच्या वाय-फायच्या वेगवान पद्धती डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपीबरोबर वापरायची मानकात परवानगीच नाही. उपकरण टीकेआयपीने जोडलं गेलं की ते मुकाट जुन्या ५४ एमबीपीएसच्या पद्धतीवर उतरतं. त्यातून प्रत्यक्ष हाती येतात वीस-पंचवीस. पहिल्या लक्षणातला ‘वीस-बावीस’ तो हाच. असं घर दिसलं की मी प्लॅन वाढवू देत नाही. लोक दोनशेचा प्लॅन तीनशेचा करतात, पैसे जातात आणि आकडा तिथेच राहतो. एईएस निवडून सेव्ह केलं की त्याच जागी, त्याच फोनवर वेग कित्येक पट वाढलेला दिसतो.

निवड सोपी आहे. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ पर्सनल’ असा जोडपर्याय असेल तर आधी तो लावून बघा. नवे फोन डब्ल्यूपीए३ ने जोडले जातील, जुने डब्ल्यूपीए२ ने. त्यावर एखादं उपकरण रुसलं किंवा तो पर्यायच नसेल तर ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ आणि फक्त ‘एईएस’. काही राउटरवर हेच ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ नावाने असतं. फक्त ‘डब्ल्यूपीए३’ तेव्हाच, जेव्हा घरातलं प्रत्येक उपकरण नवं आहे. अँड्रॉइड १०, आयओएस १३ आणि विंडोज १० ची १९०३ आवृत्ती यांच्या आधीच्या प्रणालींना डब्ल्यूपीए३ कळतच नाही. ‘एंटरप्राइझ’ लिहिलेल्या पर्यायाला घरी हात लावू नका, त्याला वेगळा सर्व्हर लागतो.

सेव्ह केल्यावर सगळी उपकरणं एकदा तुटतील. तसं होणारच. प्रत्येकावर ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा.

पासवर्ड: मोबाइल नंबर ठेवू नका

सेटिंग बरोबर आणि पासवर्ड कच्चा, तर डब्ल्यूपीए२ काही वाचवू शकत नाही. कारण समजून घ्या. तुमचा फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती हवेतून जाते, खाली पार्किंगमध्ये बसलेला माणूसही ती टिपू शकतो. त्यात पासवर्ड थेट नसतो, पण अंदाज बरोबर की चूक हे पडताळायला ती पुरते. मग तो घरी जाऊन आपल्या कॉम्प्युटरवर निवांत अंदाज लावत बसतो. राउटरला याचा पत्ताही नसतो, त्यामुळे ‘पाच वेळा चुकलं की बंद’ असला काही अडथळा येत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा पासवर्ड म्हणजे घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर. दहा आकडी आहे म्हणून तो भक्कम वाटतो. पण भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आजचं ताकदवान ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज तपासतं. सेकंदाला दहा लाखच धरले तरी सगळे नंबर संपायला तास-सव्वा तास लागतो. देवाचं नाव आणि १२३, आडनाव आणि जन्मसाल, ‘नाशिक’ आणि ४२२ ने सुरू होणारा पिनकोड, हे तर त्याहून आधी तपासले जातात.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या, कढई, तिकीट, पिंपळ, चष्मा असे, आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. वीस-पंचवीस अक्षरं होतात, आजीलाही सांगता येतात. मी इथे दिलेले शब्द मात्र घेऊ नका. स्पेलिंग एकदा ठरवून वहीत लिहून ठेवा. अवतरणचिन्हं आणि रिकाम्या जागा टाळा, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर ती टाकताना नाकी नऊ येतात.

नेटवर्कचं नावही बदला. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्डपासून किल्ली तयार होताना त्यात नेटवर्कचं नाव मिसळलं जातं. कंपनीने दिलेलं सरसकट नाव तसंच ठेवलं तर त्या नावासाठी आधीच तयार केलेल्या याद्या तुमच्यावर चालवता येतात. नव्या नावात आडनाव, फ्लॅट नंबर काही घालू नका.

डब्ल्यूपीए३ चा खरा फायदा इथे आहे. तिच्यात जोडणीची पद्धतच अशी आहे की प्रत्येक अंदाज राउटरशी समोरासमोर तपासावा लागतो. निरोप टिपून घरी नेऊन उपयोग नाही. म्हणून जोडपर्याय आधी लावून बघा असं वर म्हटलं. मात्र जोडपर्यायात जुनी उपकरणं डब्ल्यूपीए२ नेच येतात, तेव्हा लांब पासवर्डला सुटका नाही.

डब्ल्यूपीएस बंद करा

राउटरवरचं ते बटण दाबून प्रिंटर झटकन जोडला जातो, ती ही सोय. बटण त्यामानाने बरं, धोका तिच्या आठ आकडी पिनमध्ये आहे. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११ हजार शक्यता उरतात. हे २०११ मध्ये जगजाहीर झालं. पिन सापडली की तुमचा बावीस अक्षरी पासवर्ड राउटर स्वतःहून सांगून टाकतो. नंतरच्या बऱ्याच राउटरनी चुकीच्या पिनवर कुलूप लावलं, पण तुमच्या डब्यात ते आहे की नाही यावर कशाला विसंबायचं? जुना प्रिंटर बटणाने जोडायचाच असेल तर तेवढ्यापुरतं चालू करा, काम झालं की बंद.

खोटी सुरक्षा काढून टाका

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (उपकरणाच्या ओळख-क्रमांकावरून, म्हणजे मॅक पत्त्यावरून, कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी यादी), या दोन गोष्टी लोक मोठ्या विश्वासाने लावतात. दोन्हींनी चोर अडत नाही, घरचे मात्र अडकतात. लपवलेलं नाव तुमचा फोन जोडला जाताना स्वतःच हवेत सांगतो. मॅक पत्ताही उघडाच जातो, तो नक्कल करता येतो. आणि अँड्रॉइड १०, आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. त्यामुळे नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की कधी कधी, आणि नवा फोन घेतला की हमखास, फिल्टर त्याला ओळखत नाही. पासवर्ड बरोबर आणि तरी आत घेत नाही, याचं कारण कधी कधी वर्षापूर्वी कुणीतरी लावून विसरलेला मॅक फिल्टर असतो. बंद करा.

याच बनावट पत्त्यांमुळे राउटरच्या यादीतली प्रत्येक अनोळखी ओळ म्हणजे चोर असं समजू नका. घरातला एकेक फोन, टीव्ही, कॅमेरा बंद करत जा आणि यादीतून काय जातं ते बघा. सगळं बंद करूनही काही उरलं, तर पासवर्ड बदला. शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका, पासवर्ड बदलला की प्रश्न तिथेच मिटतो.

हट्टी जुनं उपकरण

अंबडच्या एका गाळ्यात पावत्यांचा जुना लेबल प्रिंटर होता. तो डब्ल्यूपीए२ वर जोडला जाईना, म्हणून सगळा गाळा टीकेआयपीवर ठेवलेला. बिलिंगचे कॉम्प्युटर त्याच्यामुळे रडत होते. प्रिंटरच्या मागे बघितलं तर लॅनचं भोक होतं. वायर टाकली, प्रश्न संपला. वाय-फायच्या उपकरणाला वायर लावता येते का, हे आधी बघत चला. ती जवळपास फुकट असते.

वायर शक्य नसेल तर पुढचे उपाय या क्रमाने. स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे बहुतेक फक्त २.४ वर चालतात, राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या. डब्ल्यूपीए३ च्या जोडपर्यायावर अडत असेल तर ‘पीएमएफ’ किंवा ‘मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन’ ही सेटिंग बघा. ‘रिक्वायर्ड’ असेल तर ‘कॅपेबल’ किंवा ‘ऑप्शनल’ करा. ती पूर्ण बंद मात्र करू नका. फोनला ‘चल, सुट’ असा खोटा निरोप पाठवून कुणीही कनेक्शन तोडू नये, यासाठीच ती आहे. तेही नाही जमलं तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) चालू करून त्यावर फक्त डब्ल्यूपीए२-एईएस लावा आणि असली उपकरणं तिकडे टाका. गेस्टवरची उपकरणं सहसा मुख्य नेटवर्कला दिसत नाहीत. सुरक्षेसाठी ते चांगलं आहे, पण तिकडे टाकलेला प्रिंटर घरातल्या लॅपटॉपला सापडणार नाही, हे लक्षात ठेवा. प्रिंटरसाठी वायर किंवा यूएसबीच बरी.

आणि ज्या उपकरणाला डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपीशिवाय चालतच नाही, ते बदला. त्याचं वय झालं आहे.

गेस्ट नेटवर्कवरून एक महत्त्वाची गोष्ट. पंचवटीत, त्र्यंबक रस्त्याला यात्रेकरूंना खोल्या देणारे बरेच जण घरचाच वाय-फाय पासवर्ड भिंतीवर चिकटवतात. २०२७ च्या सिंहस्थात ही वर्दळ कित्येक पट होणार आहे. त्याच नेटवर्कवर तुमचे कॅमेरे, बिलांचा कॉम्प्युटर आणि घरच्यांचे फोन असतात. पाहुण्यांना गेस्टच द्या, आणि त्याचा पासवर्ड अधूनमधून बदलत राहा.

राउटरचं स्वतःचं कुलूप

वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड वेगळा. दुसरा बहुतेक घरांत अजून ‘ॲडमिन’च असतो. तो बदला. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणून बाहेरून राउटर उघडण्याची सोय असेल तर बंद करा. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट दिसत असेल तर घ्या, पण वीज जाण्याची शक्यता असताना नको. इन्व्हर्टरवर असाल तर ठीक.

मग ‘डीएनएस’ बघा. साइटचं नाव आणि तिचा खरा पत्ता यांची सांगड हा डीएनएस घालतो. राउटरमध्ये घुसलेला माणूस तो बदलून तुम्हाला बँकेच्या नकली पानावर नेऊ शकतो. तो आपोआप मिळण्यावर असावा, किंवा तुम्ही स्वतः टाकलेला, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा ओळखीचा. तिसराच काही पत्ता असेल तर फोटो काढा, ‘ऑटो’वर करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, राउटर रीस्टार्ट करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

इथे थांबा, माणूस बोलवा

डब्याच्या मागचं रीसेटचं बारीक भोक टाचणीने दाबायचा मोह होतो. फायबरच्या डब्याच्या बाबतीत तो आवरा. त्यात कंपनीचं लॉगिन आणि इतर जोडणीचे तपशील साठवलेले असतात. ते पुसले गेले की वाय-फाय सोडाच, इंटरनेटच बंद होतं. हे तपशील कंपनीकडून लेखी मिळालेले असतील तरच दाबा.

कंपनीने राउटरचं पान कुलूपबंद ठेवलं असेल तर झटापट करू नका. तक्रार नोंदवा आणि नेमकं मागा: दोन्ही पट्ट्यांवर डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३, आणि डब्ल्यूपीएस बंद. ‘वाय-फाय नीट करा’ एवढंच सांगितलं तर येणारा माणूस फोन जोडून निघून जाईल.

डीएनएस बदलूनही पुन्हा आपोआप फिरत असेल तर तो राउटर वापरातून काढा, वायर उपटा आणि जाणकाराला दाखवा. पैसे गेले असतील तर राउटर नंतर. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा, राउटर रीसेट न करता आहे तसा बाजूला ठेवा.

ऑफिस, क्लास किंवा कारखाना असेल, दोन-तीनपेक्षा जास्त ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे) असतील, यंत्रं किंवा हजेरीची मशीन नेटवर्कवर असतील, तर सुरुवातीपासूनच नेटवर्कवाला बोलवा. चालू शिफ्टमध्ये सुरक्षेचा प्रकार बदलला की सगळं एकदम तुटतं. शिवाय जिथे माणसं येतात-जातात तिथे प्रत्येकाला वेगळं लॉगिन देणारी एंटरप्राइझ पद्धतच योग्य. नोकरी सोडलेल्या माणसाला एका क्लिकवर बंद करता येतं, सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही.

माणूस कुणीही येवो, काम चालू असताना त्याच्या शेजारी उभे राहा. तो जायच्या आधी सुरक्षेचं पान दोन्ही पट्ट्यांसाठी उघडून दाखवायला सांगा आणि वाय-फायवरचा वेग तुमच्याच फोनवर मोजा. त्याने कामासाठी ठेवलेला सोपा पासवर्ड तो गेल्याबरोबर बदला, ॲडमिनचाही.